घरच्या शेडमध्ये स्टीलला कार्बाइड चालवावं का?

उद्यमबागचा शेजारी
बेळगावात घरामागं छोटी मिलिंग मशीन (फिरत्या कटरनं धातू कापणारी) लावणारे स्टील म्हटलं की अजून एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटरच काढतात. "कार्बाइड (कडक पण ठिसूळ कटर) मोठ्या व्हीएमसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनला), आपल्याकडं तुकडे पडतात" असं वर सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. माइल्ड स्टीलला एचएसएसची धार मिनिटाला 25-30 मीटरनं चालते, कार्बाइड 120 नं आरामात. म्हणजे 10 मि.मी. एंडमिलला (दांडीसारख्या कटरला) सुमारे 3,800 आरपीएम. तोच कटर 800 वर फिरवला तर धारेला स्टील चिकटतं आणि सुटताना धारेचा कण घेऊन जातं. दोष कार्बाइडला! काप खोलीला भरपूर, बाजूनं फक्त 1 मि.मी. घ्या. कीस निळा होऊन उडतो, उष्णता त्याच्याबरोबर जाते, जॉब (कापायचा तुकडा) कोमटच राहतो.

खानापूरकर
दादा, गणित पूर्ण करा की. 3,800 आरपीएम, चार दात, दाताला 0.05 मि.मी. म्हणजे मिनिटाला 760 मि.मी. फीड (टेबल सरकण्याचा वेग). माझ्या टेबलाचा स्क्रू 2 मि.मी. पिचचा, एका फेरीला 2 मि.मी. सरकतो. मिनिटाला 380 वेळा हँडल कोण फिरवणार? फीड कमी पडला की कटर कापत नाही, नुसता घासतो. एचएसएसला 80 फेऱ्या पुरतात, हातानं जमतं. कटर मोडला तरी जीव हळहळत नाही.

उद्यमबागचा शेजारी
फीडचं बरोबर आहे, हँडलवर हे करूच नये. मी स्टेपर (टेबल सरकवणारी मोटर) बसवलेल्या मशीनबद्दल बोलतोय. 5 मि.मी.च्या बॉलस्क्रूला 152 फेऱ्यांत तेच काम होतं. उलट, बाजूनं 1 मि.मी. घेतलं की कीस दाताच्या फीडच्या 60 टक्केच जाड निघतो, म्हणजे फीड अजून वाढवायला हवा.

निपाणीची लेथ
आणि मधेच लाईट गेली तर? स्पिंडल थांबला, टेबल थोडा जरी सरकला, कार्बाइड गेलाच. एचएसएस निदान थोडं तरी सोसतो. आमच्या शेडमध्ये पोरं येतात-जातात, तो निळा कीस शर्टात गेला की फोड येतो. मी नाही चालवणार.

उद्यमबागचा शेजारी
कीस उडतो हे खरं, मशीनला चारी बाजूंनी पत्रा पाहिजेच, चष्माही. पण कूलंट (गार करायचं पाणी-तेल) ओतून गार करायला जाऊ नका. दात तापतो, गार होतो, बारीक तडे जातात. हवा मारा.

टूलरूमवाला
सगळे आरपीएमवर भांडताय, कोलेटचं (कटर पकडणाऱ्या बुशचं) कुणी बोलेना. कटर धरा, डायल (मापाचं घड्याळ) लावा, स्पिंडल हातानं फिरवा. 0.03 मि.मी. रनआउट (कटर केंद्र सोडून फिरणं) निघाला तर 0.05 च्या फीडला सगळ्या दातांवर सारखा भार येत नाही, एखाद्यावर जास्त येतो. तो दात आधी उडतो. चांगला कोलेट आधी घ्या, कार्बाइड नंतर.