रोटाव्हायरस लसीचे डोस पूर्ण, तरी 14 महिन्यांच्या मुलाला जुलाब. मदत हवी आहे

परवा रात्री मुलाला आधी उलट्या झाल्या, मग ताप आला, आणि कालपासून पाण्यासारखी पिवळट शी होतेय. रक्त किंवा आंव नाही. डॉक्टरांनी तपासून ओआरएस आणि रोज 20 मिलिग्रॅम झिंक 14 दिवस द्यायला सांगितलंय. लघवी होतेय, रडताना डोळ्यांत पाणी येतं, म्हणून दाखल करायची गरज नाही म्हणाले. अंगावरचं दूध चालू आहे.

रोटाचे तिन्ही डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना सरकारी दवाखान्यात दिले होते. मग हे कशामुळे? पाळणाघरातली आणखी दोन मुलंही आजारी आहेत. सासूबाई म्हणतात दात येताहेत. शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची उरलेली अँटिबायोटिकची बाटली आणून दिलीय, ती मी अजून उघडलेली नाही. शी तपासायला द्यावी का?

आणि ओआरएस तो घेतच नाही. चमचा ओठाला लागला की मान फिरवतो, तोंडात गेलेलं फुर्रकन उडवतो. मेडिकलवाल्याने सफरचंदाच्या चवीचं तयार पेय सुचवलं. ते चालेल का? फार घाबरलेय, कोणीतरी सांगा.

प्रतिसाद 1:
ताई, मी बालरोग विभागात नर्स आहे. ती लस फक्त रोटाव्हायरसवरची. तिने आजार गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी होते, पण नोरोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस यांना ती अडवत नाही. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, आणि पाळणाघरात एकदम तिघं, यावरून विषाणूच वाटतो. त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, काकूंची बाटली परत करा. कोणता विषाणू हे कळून उपचार बदलत नाहीत, त्यामुळे आत्ता शी तपासायची घाई नको. शीतून रक्त आलं तर शिगेलासारख्या जंतूची शंका येते, तेव्हा औषध वेगळं. तांदळाच्या धुवणासारखी भसाभस शी झाली तर कॉलरा असू शकतो, तेव्हा थेट हॉस्पिटल गाठा. दोन आठवड्यांवर लांबलं तर जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीसाठी शी तपासतात. दात येण्याने असे जुलाब होत नाहीत.

गोड पेय नको, जास्त साखरेने जुलाब वाढतात. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवा, 24 तासांनी उरलेलं फेकून द्या. बिनसुईची सिरिंज घेऊन गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. मऊ भात, खिचडी बंद करू नका. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा प्यालेलं सगळंच उलटून पडलं तर रात्र असली तरी न्या.

धागाकर्ती:
खूप आभार ताई. सिरिंजने दिलं, थोडं पोटात राहिलं. पाळणाघरात कधी पाठवू?

प्रतिसाद 2:
जुलाब-उलट्या थांबल्यावर निदान 48 तास घरीच ठेवा. पाळणाघरातल्या बाईंनाही सांगा, लंगोट बदलल्यावर साबण आणि पाण्यानेच हात धुवायचे, नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरत नाही.