एका शून्याची भानगड

रसायनी: ‘काळा प्लास्टिकचा कालथा फेका, विष मर्यादेला टेकलंय’ ही पोस्ट आज परत फिरतेय. ते गणित डिसेंबर २०२४ मध्येच मोडलं. मॅकगिल विद्यापीठाचे रसायनज्ञ जो श्वार्त्झ यांनी नुसता गुणाकार करून पाहिला. डेकाबीडीई, म्हणजे प्लास्टिकमधलं ब्रोमीनवालं आगरोधक रसायन, त्याची अमेरिकी मर्यादा वजनाच्या किलोमागे रोज ७,००० नॅनोग्रॅम. माणूस ६० किलोचा, म्हणजे ४,२०,०००. पोस्ट ज्यावरून निघाली त्या शोधनिबंधात छापलं ४२,०००! अंदाजे पोटात जाणार ३४,७००. मर्यादेच्या ८० टक्के वाटलं, निघालं ८.

उलटतपासणी: एक शून्य सापडलं म्हणून सगळंच केराच्या टोपलीत? त्याच निबंधात काळ्या प्लास्टिकच्या २०३ वस्तू एक्स-रे यंत्राखाली धरल्या, ब्रोमीन ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) वर निघालेल्या २० पुढे तपासल्या, त्यातल्या १७ मध्ये आगरोधक रसायनं सापडली. ती शून्याने पुसली जात नाहीत. डेकाबीडीई २०१७ मध्ये घातक रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम करारात आलं, तरी जुन्या टीव्हीच्या प्लास्टिक कवचांच्या पुनर्वापरातून स्वयंपाकघरात पोचतंयच. काळ्या प्लास्टिकमधली काजळी वर्गीकरण यंत्राचा अवरक्त किरण गिळते, मग भंगार वेगळं होणार कसं?

रसायनी: २०३ पैकी १७. बातमीत ‘८५ टक्के’. ब्रोमीनवाल्याच वेचून घ्यायच्या आणि वर टक्केवारी काढायची, वा!

हळद्या: तुम्ही परदेशातला कालथा घेऊन बसा. इथे हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम पिवळा रंग घालतात त्याचं काय? आणि व्हिडिओवाले हळदीत हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतात, लाल झालं की ‘भेसळ!’ अरे, तीव्र आम्लात शुद्ध हळदही लाल होते. पाणी घालून पातळ करा. लाली उतरली तर हळद, टिकली तर मेटॅनिल यलो. ही दुसरी पायरी कुणी दाखवतच नाही.

रसायनी: मेंदूतल्या प्लास्टिकचं तेच. माणसाच्या मेंदूत प्लास्टिक सापडल्याचा न्यू मेक्सिको विद्यापीठाचा २०२५ चा निबंध. ऊतक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पचवायचं, अपकेंद्री यंत्रात फिरवायचं, खाली बसलेला साका ६०० अंशांच्या आसपास हवेशिवाय तापवायचा आणि निघालेले वायू मोजायचे. पॉलिथिलीन तापलं की लांब साखळ्यांचे अल्केन-अल्कीन (कार्बन-हायड्रोजनची संयुगं) देतं. चरबीही देते. मेंदूच्या कोरड्या वजनातली निम्म्याहून जास्त चरबीच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमुळे झालेला तिचा साबण नीट धुतला गेला नाही तर यंत्राला काय कळणार?

उलटतपासणी: मग २०१६ पेक्षा २०२४ च्या नमुन्यांत जास्त कसं? आठ वर्षांत मेंदूंना चरबी चढली?

रसायनी: उपहास पुरे. ज्ञात वजनाचं पॉलिथिलीन त्याच ऊतकात घालून किती परत मिळालं? रिकामी कुपी तशीच चालवून काय आलं? प्रयोगशाळेतल्या हातमोज्यांवरची स्टिअरेटं, म्हणजे साबणासारखे क्षार, तीसुद्धा वर्णपटात पॉलिथिलीन म्हणून खपतात.

उलटतपासणी: म्हणजे प्रत्येक नकोसा निष्कर्ष हातमोज्यांवर ढकलायचा. कंपन्या खूष!

रसायनी: कंपन्या मध्येच कुठून आल्या? पद्धत सुधारा म्हणतोय, प्लास्टिक खा म्हणत नाहीये.

हळद्या: माझ्या मेटॅनिल यलोला कुणीच उत्तर दिलं नाही, नोंद असावी.

उलटतपासणी: बरं, ८ टक्के घ्या पदरात. पण गरम तेलात प्लास्टिकमधली ब्रोमीनवाली रसायनं झिरपतात, हे मागे घेणार नाही. कढईत कालथा स्टीलचाच.

रसायनी: स्टीलचा लोखंडी कढईत. नॉनस्टिकवर फिरवलात तर थर खरवडून निघेल आणि त्यावर नवा निबंध लागेल. तिथे लाकडी.