मदत हवी: ऑनलाइन बुद्धिबळात पुढं कसं सरकायचं?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, वय चाळिशीच्या पुढं. आजोबांनी बुद्धिबळ शिकवलं ते देशी नियमांचं. प्यादं एकच घर चालायचं. त्यामुळं दोन घरं उडी मारलेलं माझं प्यादं समोरच्यानं बाजूनं खाल्लं, तेव्हा ॲपच बिघडलं असं वाटलं! ‘एन पासां’ नावाचा नियमच आहे म्हणे.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर खेळतोय. तिथं नव्या खेळाडूला १५०० रेटिंगनं (खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) सुरुवात करून देतात, माझं आता ९५० च्या आसपास लोळतंय. सुरुवातीच्या चाली बऱ्या जमतात: राजापुढचं प्यादं ई४ घरात, मग घोडा, मग उंट सी४ वर, कॅसलिंग (राजाला हत्तीआड नेणं). पण दहाव्या-बाराव्या चालीनंतर करायचं काय तेच सुचत नाही आणि कुठंतरी घोडा नाहीतर हत्ती फुकट जातो. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये तर विचारूच नका, जिंकत आलेला डावही घड्याळावर जातो.

१५+१० चे (पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद जादा) रॅपिड डावच खेळावेत का? कोडी रोज सोडवतो, त्यात घोड्याचा दुहेरी हल्ला लगेच दिसतो, डावात मात्र दिसत नाही. असं का होतं? हरलेला डाव इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावून बघावा, की आधी स्वतः डोकं चालवावं? इंजिन चूक दाखवतं, कारण सांगत नाही राव.

आणि कोल्हापुरात मोठ्या माणसांना संध्याकाळी पटावर खेळायला मिळेल अशी जागा माहीत आहे का? चौकशी केली तिथं सगळे वर्ग पोरांचेच. आठ वर्षांच्या पोराकडून हरायची तयारी आहे, फक्त वर्गात बसवून घेतलं पाहिजे.