टर्मिनल सर्व्हरवरील डायनॅमिक्स एएक्स 2012: बिझनेस लॉजिक क्लायंटवर ठेवावे की एओएसवर न्यावे?

प्रश्न – रात्रपाळी

आमच्याकडे डायनॅमिक्स एएक्स 2012 आर3 (मायक्रोसॉफ्टची ईआरपी, म्हणजे उद्योगाचे सगळे व्यवहार सांभाळणारी प्रणाली) आहे. एओएस (एएक्सचा ॲप्लिकेशन सर्व्हर) आणि एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) पुण्याच्या मुख्य कार्यालयात आहेत, त्याच रॅकमध्ये दोन टर्मिनल सर्व्हर (अनेकांनी दुरून लॉगिन करून वापरायची मशीन; एएक्सचा क्लायंट, म्हणजे वापरकर्त्यासमोरचा प्रोग्राम, यांवरच चालतो) आहेत, आणि चाकण, सातपूर व होसूर येथील सुमारे साठ जण आरडीपीने (दूरच्या मशीनचा पडदा आपल्यासमोर आणणाऱ्या सोयीने) त्यांवर येऊन काम करतात. जॉबवर्कला पाठवलेली चलने आणि परत आलेला माल यांचा महिनाअखेरीचा ताळमेळ घालणारा एक क्लास (कोडचा एक घटक) पूर्वीच्या कोणीतरी लिहून ठेवला आहे. त्याचा रनऑन गुणधर्म (कोड कुठे चालावा हे ठरवणारा) ‘क्लायंट’ असा आहे. साधारण 6,000 ओळींना त्याला 11 मिनिटे लागतात, आणि लेखा विभागातील तिघांनी तो एकाच वेळी चालवला की त्या टर्मिनल सर्व्हरवरील बाकीच्यांचे पडदे अडखळू लागतात.

आमच्या सल्लागारांचे म्हणणे असे की, टर्मिनल सर्व्हर हा मुळात सर्व्हरच आहे आणि तो एओएसच्या शेजारीच असल्यामुळे लॉजिक इकडून तिकडे हलवून काहीही साधणार नाही, रॅम वाढवावी. माझा सहकारी म्हणतो की सगळेच क्लास सरसकट ‘सर्व्हर’ करून टाकावेत. दोन्ही म्हणणी मला पूर्ण पटत नाहीत. निर्णय कोणत्या कसोटीवर घ्यावा?

उत्तर 1 – जुना डीबीए

सल्लागारांच्या म्हणण्यातला अर्धा भाग बरोबर आहे. एएक्सचा क्लायंट होसूरच्या टेबलावरून थेट पुण्याच्या एओएसशी बोलत असता, तर प्रत्येक फेरीला दूरच्या लाइनचा विलंब लागला असता. टर्मिनल सर्व्हर मध्ये आल्यामुळे दूरवर फक्त पडद्याचे चित्र आणि कळफलकाचे ठोके जातात. परंतु त्यामुळे फेरी स्वस्त होते, फेऱ्यांची संख्या कमी होत नाही. क्लायंटवर चालणारा कोड जवळपास प्रत्येक सिलेक्ट (माहिती वाचणे), प्रत्येक अपडेट (ती बदलणे) आणि सर्व्हरवर बांधलेल्या प्रत्येक मेथडसाठी (क्लासमधील एका कृतीसाठी) एओएसकडे आरपीसी कॉल (दुसऱ्या मशीनला केलेली विनंती, म्हणजेच एक फेरी) करतो, आणि एकाच रॅकमध्ये असलात तरी पॅरामीटर बांधणे, पाठवणे, उलगडणे हे प्रत्येक वेळी होतेच.

आपल्या आकड्यांवर अंदाज करून पाहू. एका ओळीमागे 40 कॉल होत असतील तर 6,000 ओळींचे 2,40,000 कॉल होतात, आणि एका कॉलला 2 मिलिसेकंद धरले तरी 480 सेकंद, म्हणजे 8 मिनिटे, नुसत्या ये-जा करण्यात जातात. हे खरे आहे का, ते ट्रेस पार्सर या एएक्सच्या मोजमाप-साधनाने एकदा मोजून पाहा. त्यात आरपीसी कॉलची संख्या वेगळी दिसते.

रॅमविषयीही एक गोष्ट लक्षात घ्यावी: एएक्स 2012 चा क्लायंट 32-बिट आहे, त्यामुळे टर्मिनल सर्व्हरमध्ये कितीही रॅम भरली तरी त्या एका प्रक्रियेला ठरावीक मर्यादेपलीकडे ती वापरताच येत नाही. नवी रॅम जास्त माणसे बसवण्याच्या कामाची आहे, एका माणसाचे काम लवकर उरकण्याच्या नाही.

उत्तर 2 – प्रिंटरवाला

वरील हिशेब मान्य आहे, परंतु ‘सगळे सर्व्हर करा’ हा सल्ला मी एकदा एका कारखान्यात अमलात आणलेला आहे आणि त्याची फळे भोगलेली आहेत, म्हणून सावध करतो. ज्या क्लासमध्ये वापरकर्त्याला होय-नाही विचारणारा डायलॉग आहे, तो एओएसवर नेला की प्रत्येक विचारणा उलट दिशेने क्लायंटकडे येते, म्हणजे फेऱ्या तेवढ्याच राहतात आणि फक्त दिशा बदलते. एक्सेल उघडून त्यात लिहिणारा कोड क्लायंटवरच शोभतो. एओएसच्या मशीनवर एक्सेल बहुधा नसतेच, आणि नसावेच. विनएपीआय आणि विनएपीआयसर्व्हर असे दोन वेगळे क्लास एएक्समध्ये आहेत ते उगाच नाहीत: पहिला क्लायंटच्या मशीनवरील फायली पाहतो, दुसरा एओएसच्या मशीनवरील. आमच्याकडे क्लास हलवताच ‘डी’ ड्राइव्ह म्हणजे एओएसचा ड्राइव्ह झाला, आणि ई-वे बिलाच्या फायली कोणाला सापडेनात.

आपल्या रचनेत आणखी एक पेच आहे. ‘क्लायंटचे मशीन’ म्हणजे वापरकर्त्याचा संगणक नव्हे, तर तीस जणांनी मिळून वापरलेला टर्मिनल सर्व्हर. एखाद्या कोडमध्ये फायलीचे नाव आणि फोल्डर पक्के लिहिलेले असेल, तर चाकणच्या माणसाने काढलेली फाइल सातपूरचा माणूस पुसून टाकतो. आरडीपीमधून आलेल्या प्रिंटरच्या नावामागे सेशनचा (टर्मिनल सर्व्हरवरील त्या लॉगिनचा) क्रमांक जोडलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी सेशन बदलले की आदल्या दिवशी जतन केलेले प्रिंटरचे नाव निरुपयोगी ठरते. त्यामुळे छपाईशी संबंधित कोड हलवण्याआधी तो कोणत्या नावाने प्रिंटर शोधतो, ते पाहावे.

म्हणून मी क्लास फोडतो. विचारणा, फाइल, छपाई हे एका क्लासमध्ये क्लायंटवर. आकडेमोड आणि नोंदी दुसऱ्या क्लासमध्ये सर्व्हरवर. आणि दोहोंमध्ये एकच कॉल, ज्यात सगळे पॅरामीटर एका कंटेनरमध्ये (अनेक मूल्यांच्या गाठोड्यात) बांधून जातात.

प्रश्नकर्ता – रात्रपाळी

ट्रेस घेतला. एका ओळीमागे 37 कॉल निघाले. त्यांतले निम्म्याहून अधिक एकाच मेथडचे आहेत, जी प्रत्येक ओळीसाठी वस्तूचे मोजमाप-एकक पुन्हा पुन्हा शोधते. डायलॉग फक्त सुरुवातीला एकदाच येतो, म्हणजे क्लास फोडणे अवघड नसावे. पण एक शंका उरते: एओएस एकच आहे आणि साठही जण त्यावर आहेत. आज हे काम एका टर्मिनल सर्व्हरवरील तीस जणांनाच जाचते. उद्या सगळ्यांनाच जाचले तर?

उत्तर 3 – बॅचमेट

आपली शंका रास्त आहे, आणि इथेच ‘क्लायंट की सर्व्हर’ हा प्रश्न अपुरा पडतो. हे काम कोणी समोर बसून पाहण्याची गरज आहे का, असे आधी विचारावे. नसेल तर ते बॅचमध्ये (सर्व्हरवर पार्श्वभूमीला चालणाऱ्या कामांत) टाकावे आणि बॅचसाठी वेगळे एओएस इन्स्टन्स उभे करावे, म्हणजे दिवसभर काम करणाऱ्यांच्या एओएसवर त्याची सावली पडत नाही. एएक्स 2012 मध्ये आलेल्या सिसऑपरेशन रचनेत हाच कोड समोर बसूनही चालवता येतो आणि बॅचमध्येही पाठवता येतो, त्यामुळे दोनदा लिहावा लागत नाही. शिवाय क्लायंटवर एक्स प्लस प्लस (एएक्सची प्रोग्रामिंग भाषा) कोड इंटरप्रिट होऊन, म्हणजे चालता-चालता उलगडत, चालतो, तर बॅचमध्ये तो सीआयएल (आधीच रूपांतरित केलेला, अधिक वेगाने चालणारा कोड) होऊन चालतो. गुंतागुंतीच्या आकडेमोडीत हा फरक जाणवतो. मात्र कोड बदलल्यावर सीआयएल नव्याने तयार करण्यास विसरू नका, नाहीतर पडद्यावर नवा कोड आणि बॅचमध्ये जुना, असा अनाकलनीय प्रकार घडतो. यात मी स्वतः एक अख्खा शनिवार घालवला आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. क्लायंटवरील काम त्या सेशनबरोबर जगते आणि त्याच्याबरोबर मरते. होसूरची लाइन तुटली तर सेशन नुसते डिस्कनेक्ट होते आणि काम चालू राहते. परंतु डिस्कनेक्ट झालेली सेशन ठरावीक वेळाने बंद करण्याची पॉलिसी बहुतेक ठिकाणी लावलेली असते, आणि ती वेळ भरली की क्लायंट बंद, काम अर्धवट. संपूर्ण ताळमेळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण तरी होणाऱ्या किंवा पूर्ण रद्द तरी होणाऱ्या नोंदींच्या गटात) असेल तर सगळे मागे फिरते. ओळीगणिक कमिट (नोंद कायम करणे) असेल तर अर्धी चलने जुळलेली आणि अर्धी तशीच राहतात, जे अधिक वाईट.

मात्र कोणताही क्लास हलवण्याआधी ती एककाची मेथड लूपच्या बाहेर काढा किंवा तिचे उत्तर एका मॅपमध्ये (मेमरीतील शोधयादीत) साठवा. 37 कॉलपैकी वीस तिथेच वाचत असतील, तर कदाचित बाकीचा वाद महिनाभर पुढे ढकलता येईल.

उत्तर 4 – जुना डीबीए

बॅचमेट यांच्याशी सहमत. एकच भर: नोंदींचे अपडेट एकेक करण्याऐवजी अपडेट-रेकॉर्डसेटने (अनेक ओळी एकदम बदलणाऱ्या आदेशाने) करता आले तर ते एकाच एसक्यूएल विधानात होते. पण त्या टेबलाची अपडेट मेथड ओव्हरराइड केलेली (तिच्या जागी स्वतःचा कोड लिहिलेला) असेल किंवा त्यावर डेटाबेस लॉग (बदलांची नोंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर एएक्स काहीही न सांगता पुन्हा एकेक ओळ हाताळू लागते. आधी ते तपासा.

प्रश्नकर्ता – रात्रपाळी

मॅप लावला. एका ओळीमागे 14 कॉल उरले आणि तेच काम 4 मिनिटे 40 सेकंदांत झाले. रनऑन अजून बदललेला नाही. चलनांच्या टेबलावर डेटाबेस लॉग चालू निघाला. तो कोणी आणि कशासाठी लावला आहे, हे लेखापरीक्षकांना विचारल्याशिवाय काढणार नाही. पुढच्या महिनाअखेरीच्या आत क्लास फोडून बॅचमध्ये नेण्याचा विचार आहे; तेव्हाचे आकडे इथेच टाकतो.