जागेतले रान राखणाऱ्या विकासकाला पर्जन्यजलाच्या हिशेबात सूट देता येईल का?

प्रश्न (गोव्यातील डिचोलीचा एक रहिवासी):
जांभ्याच्या सड्याखालच्या उतारावर, आमच्या वाड्याला लागून, 4,000 चौरस मीटर जागेत घरे उभी राहणार आहेत. खालच्या अंगाला सुमारे हजार चौरस मीटरांवर माट्टी आणि किंदळ यांचे जुने रान असून त्याच्या पायथ्याच्या झरीवर अर्धा वाडा पाणी भरतो. रान राखून आपल्याला काय मिळणार, हा विकासकाचा सवाल मला गैर वाटत नाही. त्याला काही सूट देण्याची रीत कुठे आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (स्थापत्य अभियंता, फोंडा):
अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या 2000 सालच्या पर्जन्यजल पुस्तिकेत अशी सूट हिशेबातच धरलेली होती. किती पाणी अडवून शुद्ध करावे लागेल हे काढताना तेथे सुमारे 25 मिलिमीटर पाऊस, वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणक (पडलेल्या पावसाचा किती भाग वाहून जातो तो आकडा) आणि जागेचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार करत. राखलेले रान क्षेत्रफळातून वजा होई, गुणक मात्र संपूर्ण जागेचाच राही. आपल्या जागेपैकी निम्मी छपरांनी व फरशीने झाकली गेली तर गुणक 0.5 येतो आणि 50 घनमीटर पाण्याची सोय करावी लागते. हजार चौरस मीटर रान ठेवल्यास 37.5 घनमीटर पुरते. खोदाई आणि काँक्रीट यांची ही बचत विकासकाला पटण्याजोगी आहे. अट कडक होती: काम चालू असताना त्या भागाला धक्का लागू नये आणि त्याचे संरक्षण कायमचे असावे.

उत्तर 2 (निवृत्त वनकर्मचारी, सत्तरी):
तत्त्व मान्य आहे. परंतु 25 मिलिमीटरचा आकडा गोव्यात जसाच्या तसा आणू नये. आपल्याकडे वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे त्या हजार चौरस मीटरांवरच वर्षाकाठी सुमारे 30 लाख लिटर पाणी कोसळते.

दुसरे, 25 टक्क्यांहून तीव्र उतार गोव्याच्या जमीनवापराच्या प्रादेशिक आराखडा 2021 मध्ये बांधकामासाठी वर्ज्य ठरवलेले आहेत. जेथे घर बांधताच येत नाही तेथील झाडे राखल्याबद्दल सूट कशासाठी द्यावी? ती बांधण्याजोगी जमीन सोडणाऱ्यालाच मिळावी.

माझा खरा आग्रह कुंपणाचा आहे. जेसीबी एकदा जरी रानातून फिरला किंवा खडीचा ढीग बुंध्याशी ओतला, तरी पाचोळ्याचा थर चिरडतो आणि माती दबून घट्ट होते. मग झाडे उभी दिसत असली तरी पाणी मुरेनासे होते आणि तांबडा गढूळ लोंढा थेट व्हाळात उतरतो. म्हणून पायाभरणीच्या आधी, फांद्यांच्या घेराबाहेरून कुंपण घालून घ्यावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. घरे विकली गेल्यावर रानाची जबाबदारी कोणाची?

उत्तर 1 (स्थापत्य अभियंता, फोंडा):
मंजुरीच्या नकाशावर रानाची हद्द मोजमापांसह आखून घ्यावी आणि तीच हद्द प्रत्येक विक्रीखतात सामाईक, बांधकामास बंद अशी नोंदवावी. विकासकाशी बोलणी परवान्यापूर्वीच करावीत.