मदत हवी आहे: खासदारांच्या आचार समितीत बाहेरची माणसं हवीत का?

नमस्कार मंडळी. वाचनालयातल्या चर्चेत या विषयाची मांडणी माझ्याकडे आहे आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे.

आचार समिती म्हणजे खासदारांच्या गैरवर्तनाच्या तक्रारींची चौकशी करणारी संसदेची समिती. राज्यसभेची आचार समिती १९९७ ची, पहिले अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य, सगळे खासदारच, नेमणूक लोकसभाध्यक्षांकडून. चौकशी करणारे आणि जिची चौकशी व्हायची ती व्यक्ती रोज एकाच सभागृहात बसणार, हे मला मनापासून खटकतं. २०२३ मध्ये तृणमूलच्या खासदार महुआ मोइत्रांवरचा अहवाल लोकसभेच्या समितीत ६ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. खासदारकी घालवणारी शिफारस इतक्या थोडक्या फरकाने व्हावी का?

ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये याच कामाच्या समितीत खासदारांबरोबर सामान्य नागरिकही बसतात, २०१९ पासून त्यांना मताचा अधिकारही आहे. तसं इथे करायचं तर ही माणसं निवडायची कोणी? निवृत्त न्यायाधीश घेतले तरी नेमणारे पुन्हा लोकसभाध्यक्षच असतील, तर काय साधलं? आणि बाहेरच्यांना मत द्यायचं तर घटनेच्या कलम १०५ मधले संसदेचे आणि खासदारांचे विशेषाधिकार आड येतील का?

घटनेचे अभ्यासक किंवा विधिमंडळ सचिवालयात काम केलेलं कोणी असेल, तर कृपया सविस्तर लिहा. मराठीत वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.