मधोमध बसलेले पाते आणि चाकूची खरी परीक्षा

घडीचा चाकू मिटल्यावर पाते मुठीच्या बरोबर मधोमध बसले की त्याची बांधणी उत्तम समजावी, हे मत मला अर्धेच पटते. बिजागरीचा, म्हणजे पाते ज्यावर फिरते तो, स्क्रू थोडा आवळला की पाते बऱ्याचदा मध्यावर येते आणि बाजूची ढिलाईही झाकली जाते. म्हणून दुकानात पाते जड उघडत असेल, तर तो स्क्रू सैल करून पुन्हा पाहू द्या असे विक्रेत्याला सांगण्यात काहीच गैर नाही. पण उघडलेले पाते लॉक झाल्यावर वरखाली हलत असेल, तर दोष लॉक आणि पात्याचे बूड (मुठीकडचे टोक) यांच्या जुळणीत असतो आणि तो स्क्रूने जात नाही. आतल्या पट्टीचे लॉक (मुठीतली धातूची पट्टी बुडाआड येऊन उघडे पाते अडवते ते) असेल, तर नव्या चाकूतच ती पट्टी बुडाच्या पार पलीकडच्या कडेला पोचलेली नसावी, कारण पुढच्या झिजेला मग जागाच उरत नाही.

हा फरक मला तासगावच्या द्राक्षबागेत कळला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळांसाठी लावलेल्या वेलीवर, पाचर कलम भरताना, म्हणजे हव्या जातीची काडी पाचरीसारखी तासून खुंटाच्या चिरेत बसवताना, त्या काडीला दोन्ही बाजूंनी सपाट, एका ओढीत काप द्यावा लागतो. माझ्या दिसायला देखण्या, आरशासारख्या पॉलिशच्या चाकूचे पाते जोर देताच किंचित हलायचे, काप वाकडातिकडा यायचा आणि खुंट व काडीच्या सालीखालचे हिरवे थर नीट भिडत नसत. त्या हंगामात माझी बरीच कलमे वाया गेली. पॉलिश मी तेव्हापासून सर्वांत शेवटी पाहतो.